थोरांची ओळख : बालगंधर्व आणि बदलत्या भूमिका



आपल्या वार्तापत्राच्या प्रत्येक अंकात आम्ही एका थोर व्यक्तीची ओळख करून देतो. या वेळी कोणाविषयी लिहावे याचा निर्णय आम्ही नव्हे, आठवीच्या वर्गातील मुलांनी केला असे म्हटले तरी चालेल.

झाले असे की, रिकाम्या तासाला आम्ही त्या वर्गात गेलो. मुलांमध्ये वाद चालू होता. विषय होता डॉक्टर हू ही इंग्रजी विज्ञानमालिका. एक मुलगा म्हणत होता की खरा डॉक्टर एकच, बाकीचे नकली. दुसऱ्याचे म्हणणे, ज्याने भूमिका केली तो प्रत्येक जण खराच. आम्ही ती मालिका पाहिलेली नव्हती, म्हणून मुलांकडूनच समजून घेतली आणि नंतर थोडी माहितीही मिळवली.

ही मालिका ब्रिटनच्या बीबीसी दूरदर्शनवर २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाली. पहिल्या कथेचे दिग्दर्शन वारिस हुसेन या तरुणाने केले आणि त्यांचा जन्म आपल्या लखनऊचा, हे वाचून आम्हाला गंमत वाटली. पहिल्या निर्मात्या व्हेरिटी लँबर्ट १९६५ मध्ये दुसऱ्या कामाकडे वळल्या. मुख्य नट विल्यम हार्टनेल यांची प्रकृती ढासळली, म्हणून १९६६ मध्ये त्यांनी भूमिका सोडली. मालिका तिथेच संपायची, पण लेखकांनी युक्ती काढली. हा डॉक्टर परग्रहावरचा, तेव्हा त्याचे शरीर बदलते असे दाखवले आणि पॅट्रिक ट्रॉटन हे नवे नट आले. तेव्हापासून नट बदलत गेले, निर्माते बदलत गेले. १९८९ मध्ये मालिका थांबली, २००५ मध्ये पुन्हा सुरू झाली. २०१७ च्या नाताळात तर जोडी व्हिटेकर या अभिनेत्रीच्या रूपाने ही भूमिका प्रथमच एका स्त्रीकडे आली.

मुलांचा प्रश्न खरोखर विचार करण्यासारखा होता. भूमिका मोठी की ती करणारा माणूस मोठा? मुख्य माणूस गेला तर संस्था चालते का? चालते, तर कशाच्या बळावर? हे ऐकताना आम्हाला आपल्या मराठी रंगभूमीची आठवण झाली. हाच प्रश्न आपल्या नाटक मंडळ्यांपुढे शंभर वर्षांपूर्वी उभा होता, आणि त्या प्रश्नाच्या मधोमध एक नाव होते : नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. मराठी आम्ही घरात आणि लष्करातल्या गल्ल्यांमध्ये शिकलो. त्यामुळे भाषेत कुठे हिंदीचा वास आला तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

किर्लोस्कर मंडळींची परंपरा

बालगंधर्वांची कथा समजायची तर त्यांच्या आधीची थोडी माहिती हवी. बळवंत पांडुरंग किर्लोस्कर म्हणजे अण्णासाहेब किर्लोस्कर यांचा जन्म १८४३ मध्ये बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात त्यांचे संगीत शाकुंतल रंगभूमीवर आले आणि मराठी संगीत नाटकाला नवे रूप मिळाले. त्याआधीच्या नाटकांत बहुतेक सगळे गाणे सूत्रधाराकडे असे. आता पात्रे स्वतः गाऊ लागली. १८८२ मध्ये सौभद्र आले आणि घराघरांत त्याची पदे पोहोचली.

त्या काळी सभ्य घरांतील स्त्रिया रंगमंचावर येत नसत. स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करीत. किर्लोस्कर मंडळीत बडोद्याहून भाऊराव कोल्हटकर हे गोड गळ्याचे तरुण आले आणि सुभद्रेच्या भूमिकेने त्यांनी लोकांना वेड लावले.

१८८५ मध्ये अण्णासाहेबांचे निधन झाले. वय अवघे ४२. मंडळींचा लेखक, दिग्दर्शक आणि चालक एकाच दिवशी गेला. अनेकांना वाटले असेल की आता सारे संपले. पण संपले नाही. भाऊराव आणि इतर ज्येष्ठ नटांनी व्यवहार सांभाळला. अण्णासाहेबांचे बेळगावचे विद्यार्थी गोविंद बल्लाळ देवल यांनी नाटके लिहिली आणि तालीम दिली. त्यांचे शारदा १८९९ मध्ये आले. मंडळीत तालीम देण्याची एक पद्धत बसली होती, तीच कामाला आली. वय वाढल्यावर भाऊराव पुरुषांच्या भूमिकांकडे वळले आणि स्त्रीभूमिका इतरांकडे गेल्या.

मग १९०१ मध्ये भाऊरावही गेले, वयाच्या ३८ व्या वर्षी. आता मात्र जागा भरून काढणे कठीण होते. प्रेक्षकांच्या कानांत भाऊरावांचा आवाज होता. नवा नट उभा राहिला की लोक आधी तुलना करीत.

नारायणाचे आगमन

नारायणाचा जन्म २६ जून १८८८ चा. राजहंस घराणे सांगलीजवळच्या नागठाण्याचे. मुलाचा आवाज लहानपणापासून असामान्य. पुण्यात त्याचे गाणे ऐकून लोकमान्य टिळकांनी त्याला बालगंधर्व असे संबोधले आणि तेच नाव पुढे आयुष्यभर टिकले, असे सर्वत्र सांगितले जाते.

नारायणाला एका कानाने नीट ऐकू येत नसे. गाणाऱ्या मुलाला याहून मोठी अडचण कोणती? कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी त्याच्यात लक्ष घातले आणि मिरजेच्या मिशन रुग्णालयात त्याच्या कानावर उपचार झाले. महाराजांच्या प्रोत्साहनानेच तो किर्लोस्कर मंडळीत दाखल झाला. १९०५ मध्ये मिरजेस तो शकुंतलेच्या भूमिकेत प्रथम उभा राहिला. तेव्हा त्याचे वय १७ वर्षे.

विद्यार्थ्यांनो, इथे थोडे थांबा. शकुंतला ही भूमिका नवी नव्हती. २५ वर्षे ती मंडळीत चालत आली होती. पदे ठरलेली, हालचाली ठरलेल्या, लोकांच्या अपेक्षाही ठरलेल्या. अशा भूमिकेत शिरणे हे तयार कपड्यात शिरण्यासारखे सोपे वाटते, पण तसे नसते. कपडा दुसऱ्याच्या मापाचा असतो. नारायणाला देवलांसारखे कसलेले तालीममास्तर लाभले. शब्द कसा टाकायचा, पदाआधी किती थांबायचे, पदर कसा सावरायचा, हे सारे त्यांनी घोटून घेतले. गाण्याची तालीम भास्करबुवा बखले यांची मिळाली.

भास्करबुवांचे नाव आले की आम्हा ग्वाल्हेरकरांची मान थोडी ताठ होते. बुवांनी अनेक घराण्यांची विद्या मिळवली होती, पण त्यांची सुरुवातीची मोठी तालीम बडोद्याच्या फैज महंमद खाँ यांच्याकडे झाली आणि खाँसाहेब ग्वाल्हेर गायकीचे. म्हणजे ज्या गायकीची पेठ हद्दू खाँ आणि हस्सू खाँ यांनी आपल्या या गावात वसवली, तिचाच एक झरा बालगंधर्वांच्या नाट्यपदांपर्यंत पोहोचला. आपल्या माधव संगीत महाविद्यालयावरून जाताना मुलांनी हे लक्षात ठेवावे. १९१८ मध्ये माधवराव शिंदे महाराजांच्या आश्रयाने आणि पंडित भातखंडे यांच्या योजनेने ती संस्था उभी राहिली.

हळूहळू लोक भाऊरावांशी तुलना करणे विसरले. सुभद्रा म्हटले की आता बालगंधर्व आठवू लागले. त्यांच्या नेसण्याची, अंबाड्याची आणि दागिन्यांची तऱ्हा पाहून स्त्रिया तसा शृंगार करू लागल्या, असे जुने लोक सांगत.

मानापमान आणि एक दुःखाचा दिवस

१२ मार्च १९११ रोजी मुंबईत कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे मानापमान रंगभूमीवर आले. संगीत गोविंदराव टेंबे यांचे. बालगंधर्व भामिनीच्या आणि नानासाहेब जोगळेकर धैर्यधराच्या भूमिकेत होते. त्याच दिवशी बालगंधर्वांची तान्ही मुलगी वारली. नाटक रद्द करावे असे सर्वांना वाटत असताना ते उभे राहिले आणि त्यांनी प्रयोग पार पाडला.

ही गोष्ट शाळांमधून कर्तव्यनिष्ठेचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. आम्हीही अनेकदा सांगितली आहे. पण वय वाढत गेले तसे वाटू लागले की तिची दुसरी बाजूही पाहायला हवी. त्या रात्री बालगंधर्व उभे राहिले नसते तर भामिनी करायला दुसरे कोणीच तयार नव्हते. सारी मंडळी, सारा खर्च, सारे प्रेक्षक एका माणसावर अवलंबून होते. त्यांचा त्याग मोठा आहेच, आणि तो आम्ही कमी लेखत नाही. परंतु ज्या संस्थेत एका बापाला मुलीच्या मृत्यूच्या दिवशीही घरी बसता येत नाही, त्या संस्थेने आपल्या व्यवस्थेचाही विचार करायला हवा.

त्याच वर्षी नानासाहेब जोगळेकरांचेही निधन झाले. मंडळींचा नायक गेला. व्यवस्थापनाशी मतभेद वाढत गेले. जे लोक रंगमंचावर मंडळींचे नाव राखीत होते, त्यांचा कारभारात वाटा किती, असा तो प्रश्न होता. १९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे हे तिघे किर्लोस्कर मंडळींतून बाहेर पडले आणि त्यांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली.

किर्लोस्कर मंडळीचे काय झाले? तीही लगेच बुडाली नाही. तिने नवा मुलगा शोधला. त्याचे नाव दीनानाथ मंगेशकर. लता, आशा यांचे वडील. तेजस्वी गळ्याच्या या मुलाने मंडळीत स्त्रीभूमिका गाजवल्या. पण १९१८ मध्ये दीनानाथांनीही चिंतामणराव कोल्हटकर यांच्यासारख्या सहकाऱ्यांसह बाहेर पडून बळवंत संगीत मंडळी काढली. बळवंत हे अण्णासाहेब किर्लोस्करांचेच नाव. घर सोडले तरी मूळ पुरुषाचे नाव सोडले नाही, हे आम्हाला फार हृद्य वाटते.

वैभवाचे दिवस

गंधर्व नाटक मंडळीचे पहिले दशक म्हणजे मराठी रंगभूमीचे वैभव. १९१६ मध्ये देवलांचे संशयकल्लोळ संगीत रूपात आले, त्यात बालगंधर्व रेवती आणि बोडस फाल्गुनराव. देवल त्याच वर्षी, प्रयोगापूर्वीच, निवर्तले होते. त्याच वर्षाच्या शेवटी खाडिलकरांचे स्वयंवर आले. त्यातील रुक्मिणीच्या पदांना भास्करबुवांच्या चाली होत्या. १९१९ मध्ये राम गणेश गडकरी यांचे एकच प्याला आले. गडकरी महिनाभर आधी वारले होते. दारूच्या आहारी गेलेल्या सुधाकराची पत्नी सिंधू ही बालगंधर्वांची भूमिका. नेहमी भरजरी शालूत दिसणारा हा नट फाटक्या लुगड्यात उभा राहिला आणि लोक रडले.

साथीला काय थाट असे! तबल्यावर अहमदजान थिरकवा, सारंगीवर कादरबक्ष. वन्स मोअरच्या आरोळ्या उठत आणि एकेक पद पुन्हा पुन्हा म्हणावे लागे. प्रयोग रात्रभर चालत. पडदे, गालिचे, शालू, दागिने, अत्तर, कशातही काटकसर नसे. प्रेक्षक म्हणजे मायबाप आणि मायबापांपुढे हलके काही ठेवायचे नाही, ही त्यांची वृत्ती. १९२० च्या द्रौपदी नाटकासाठी तर पैसा पाण्यासारखा ओतला गेला.

इथेच अडचणीचे बीज पडले. टेंबे आधीच वेगळे झाले होते. पुढे बोडसही गेले. तिघांपैकी एकटे बालगंधर्व उरले. गाणारे तेच, मुख्य नट तेच, मालकही तेच. हिशेबाची वही मात्र त्यांचा विषय नव्हता. आमच्या मते संस्थेत एकाने गावे आणि दुसऱ्याने जमाखर्च पाहावा, यात कोणाचाही कमीपणा नाही. १९२१ च्या सुमारास मंडळी मोठ्या कर्जात सापडली. नादारी जाहीर करून मोकळे होण्याचा मार्ग होता. तो त्यांनी पत्करला नाही. गावोगाव प्रयोग करून, अनेक वर्षे राबून कर्ज फेडले. हा प्रामाणिकपणा मुलांनी जरूर लक्षात ठेवावा.

त्याच १९२१ साली ८ जुलै रोजी मुंबईत एक अपूर्व प्रयोग झाला. टिळक स्वराज्य फंडासाठी गंधर्व मंडळी आणि केशवराव भोसले यांची ललितकलादर्श मंडळी एकत्र आल्या आणि त्यांनी संयुक्त मानापमान केले. बालगंधर्व भामिनी, केशवराव धैर्यधर. दोन प्रतिस्पर्धी एका रंगमंचावर, तेही देशकार्यासाठी. तिकिटांवर लोकांच्या उड्या पडल्या.

दोन मंडळ्या, दोन वाटा

या प्रयोगानंतर तीनच महिन्यांनी, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, केशवराव भोसले यांचे अकाली निधन झाले. वय ३१. ललितकलादर्शचा संस्थापक, मालक आणि मुख्य नट गेला. पण जाताना त्यांनी आपली मंडळी बापूराव पेंढारकर या सहकाऱ्याच्या हाती सोपवली. वारसा घराण्याकडे नव्हे, तर काम जाणणाऱ्याकडे गेला. बापूरावांनी पुढच्याच वर्षी मामा वरेरकरांचे सत्तेचे गुलाम आणून मंडळीला नवे वळण दिले. १९३७ मध्ये बापूरावही वारले. त्यांचे चिरंजीव भालचंद्र तेव्हा शाळकरी वयाचे होते. त्यांनी मोठेपणी वडिलांची मंडळी पुन्हा उभी केली आणि ती इतकी टिकवली की १९०८ मध्ये जन्मलेल्या त्या संस्थेची शताब्दी साजरी झाली. भालचंद्र पेंढारकर २०१५ मध्ये निवर्तले.

गंधर्व मंडळीत असे झाले नाही. संगीताच्या बाजूला मात्र परंपरा चालली, हे सांगायला हवे. १९२२ मध्ये भास्करबुवा गेले, तेव्हा त्यांचे शिष्य मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर तयार होते. पुढच्या नाटकांच्या चालींची जबाबदारी त्यांनी घेतली, आणि १९३१ चे कान्होपात्रा त्यांच्या चालींनी गाजले. गुरूने शिष्य घडवला होता, म्हणून गाणे थांबले नाही. पण बालगंधर्वांच्या जागी उभा राहील असा नट घडला नाही. घडणार तरी कसा? लोक बालगंधर्वांनाच पाहायला येत. दुसऱ्याला संधी द्यायची तर त्या रात्रीचे उत्पन्न बुडणार. आणि उत्पन्न बुडाले तर कर्ज फिटणार नाही. अशा फेऱ्यात संस्था सापडली की तिला पुढचा विचार करायला उसंत मिळत नाही.

काळ मात्र थांबला नव्हता. १९३१ मध्ये आलम आरा हा पहिला हिंदी बोलपट आला, १९३२ मध्ये प्रभातचा अयोध्येचा राजा. थोड्या पैशांत, तीन तासांत, गाणे आणि नाटक दोन्ही मिळू लागले. १९३३ मध्ये आंधळ्यांची शाळा या नाटकात ज्योत्स्ना भोळे आणि पद्मा वर्तक यांनी स्त्रीभूमिका केल्या. स्त्रिया रंगमंचावर आल्यावर पुरुषाने स्त्रीभूमिका करण्याचे कारणच उरत नव्हते. बालगंधर्व तेव्हा ४५ वर्षांचे होते.

गंधर्व मंडळी बंद पडली आणि बालगंधर्व प्रभात कंपनीत गेले. १९३५ मध्ये व्ही. शांताराम यांच्या धर्मात्मा चित्रपटात त्यांनी संत एकनाथांची भूमिका केली. मिशी-दाढीतले बालगंधर्व पाहून लोकांना चुकल्यासारखे वाटले असणार. त्यांनाही स्टुडिओत करमले नाही. समोर प्रेक्षक नाहीत, वन्स मोअर नाही, तुकड्यातुकड्याने काम. ते पुन्हा रंगभूमीकडे वळले.

१९३८ च्या सुमारास गोहरबाई कर्नाटकी या गायिका त्यांच्या मंडळीत आल्या. त्या बालगंधर्वांच्याच गायकीच्या चाहत्या. आता नायिकेच्या भूमिका गोहरबाईंकडे आल्या. एका अर्थाने काळाचे चक्र पूर्ण फिरले. ज्या भूमिका स्त्रियांना मिळत नसत, त्या एका पुरुषाने शिखरावर नेल्या आणि अखेर एका स्त्रीच्या हाती दिल्या. १९४० मध्ये पत्नी लक्ष्मीबाई वारल्या. १९५१ मध्ये बालगंधर्वांनी गोहरबाईंशी विवाह केला. समाजात यावर बरीच टीका झाली, पण गोहरबाईंनी त्यांची आजारपणात सेवा केली हे कोणी नाकारू शकत नाही.

अखेरची वर्षे कष्टाची होती. पायांनी साथ सोडली. गाणे मात्र शेवटपर्यंत होते. १९५५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, १९६४ मध्ये पद्मभूषण. त्याच वर्षी गोहरबाई गेल्या. १५ जुलै १९६७ रोजी पुण्यात बालगंधर्वांनी देह ठेवला. त्यांच्याच हस्ते कोनशिला बसलेले पुण्याचे बालगंधर्व रंगमंदिर पुढच्या वर्षी, त्यांच्या जन्मदिनी, २६ जून १९६८ ला उघडले. २०११ मध्ये त्यांच्या जीवनावर बालगंधर्व हा चित्रपट आला आणि सुबोध भावे यांनी त्यांची भूमिका केली. म्हणजे पाहा, ज्यांची जागा कोणी घेऊ शकणार नाही असे वाटत होते, त्यांचीही भूमिका शेवटी दुसऱ्या नटाने केली आणि लोकांनी ती प्रेमाने पाहिली.

आमच्या शाळेची गोष्ट

आता हे चरित्र आम्ही याच अंकासाठी का निवडले, ते सांगतो. या वर्षीच्या स्नेहसंमेलनात नाटकातील मुख्य भूमिकेसाठी निवडलेली मुलगी प्रयोगाच्या आठ दिवस आधी टायफॉइडने आजारी पडली. नाटक रद्द करावे असे आमच्याही मनात आले. तेव्हा समूहगीतात उभी राहणारी एक मुलगी पुढे आली. ती प्रत्येक तालमीला बसून असे. तिला सारे संवाद पाठ होते. तिच्या बळावर नाटक पार पडले.

नंतर आजारी मुलगी बरी होऊन आली. आंतरशालेय स्पर्धेत तेच नाटक करायचे होते. दोन्ही मुलींच्या माता आमच्या कार्यालयात आल्या. एकीचे म्हणणे, निवड माझ्या मुलीची झाली होती. दुसरीचे म्हणणे, वेळेला उभी राहिली ती माझी मुलगी. दोघींचेही खरे होते. चूक असेल तर आमची होती, कारण एका भूमिकेला एकच मूल तयार करायचे ही पद्धत आम्हीच चालू ठेवली होती.

शेवटी मार्ग मुलींनीच काढला. आजारातून उठलेली मुलगी म्हणाली की स्पर्धेत हिने करावे, मी तिला पहिल्या अंकातील गाणे शिकवते, ते तिला अजून नीट बसलेले नाही. आम्ही खुर्चीत बसून ऐकतच राहिलो. आठवीच्या वर्गातील तो वाद इथे मिटला असे आम्हाला वाटते. जो भूमिका करतो तो खरा, आणि जो ती दुसऱ्याला शिकवतो तो त्याहून मोठा.

म्हणून पुढील सत्रापासून आम्ही दोन गोष्टी ठरवल्या आहेत. पहिली, स्नेहसंमेलनातील प्रत्येक मुख्य भूमिका पहिल्या तालमीपासून दोन मुलांना शिकवली जाईल आणि शक्य असेल तेथे दोन प्रयोग होतील. पालकांनी याला आपल्या पाल्याचा अपमान समजू नये. दुसरी गोष्ट विश्वस्त मंडळासाठी आहे. येत्या काही वर्षांत आम्ही निवृत्त होऊ. शाळेच्या अनेक कामांच्या खुणा आज फक्त आमच्या डोक्यात आहेत : कोणत्या पालकांची फी थांबली तर कसे समजून घ्यायचे, कोणत्या कार्यालयात कोणता कागद कधी द्यायचा, गणेशोत्सवाचे सामान कुठे ठेवले आहे. हे सारे एका वहीत लिहून काढण्यास आम्ही सुरुवात केली आहे आणि दोन तरुण शिक्षकांना सोबत घेऊन ती कामे करू लागलो आहोत. आमचा उत्तराधिकारी निवडण्याचा अधिकार मंडळाचा आहे. परंतु तो निर्णय आमच्या निरोप समारंभाच्या आदल्या आठवड्यात होऊ नये, आम्ही असतानाच व्हावा, एवढी नम्र विनंती आहे.

बालगंधर्वांसारखा गळा हजारात नव्हे, लाखात एखाद्याला मिळतो. तो मिळाला नाही म्हणून आपण खंत करू नये. पण केशवरावांनी शेवटच्या आजारात आणि भास्करबुवांनी आयुष्यभर जे केले, ते आपण सर्व करू शकतो. आपल्याला येते ते वेळेवर दुसऱ्याच्या हाती देणे, यासाठी गंधर्वाचा गळा लागत नाही.

मुलांना एक गृहपाठ देऊन लेख संपवतो. घरी आजी-आजोबांना विचारा की त्यांनी पाहिलेल्या एखाद्या नाटकात मुख्य नट बदलला तेव्हा त्यांना काय वाटले होते. दहा ओळी लिहून आणा. निवडक उत्तरे पुढच्या अंकात छापू.

आपले,
प्राचार्य